बेगम बाजारातील खरेदी आणि घरातील विषद्रव्ये

घरातील प्लास्टिक कमी करणे आणि घरातील विषारी द्रव्ये कमी करणे या दोन गोष्टींचा उच्चार हल्ली एका दमात होत असला, तरी त्या दोन गोष्टी एक नाहीत, आणि हा फरक ध्यानात न घेता केलेल्या खरेदीत पैसे जातात पण घर होते तिथेच राहते. कागदाच्या पुडीत बांधून मिळणारा शेंदूर पूर्णपणे प्लास्टिकमुक्त असतो. परंतु पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचे तांबडे ऑक्साइड, आणि शिसे शरीरात गेले की हाडांत साठून राहते व लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला अपाय करते. उलट, टूथपेस्ट प्लास्टिकच्या नळीत येते एवढ्यावरून ती विषारी ठरत नाही. म्हणून प्रत्येक वस्तूला दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात: ती कशात बांधलेली आहे, आणि ती कशाची बनलेली आहे. पहिल्याचे उत्तर डोळ्यांना दिसते. दुसऱ्यासाठी द्रव्याची ओळख लागते.

ही ओळख करून घेण्यास हैदराबादच्या बेगम बाजारासारखी जागा क्वचितच सापडेल. मुसी नदीच्या उत्तरेस, अफझलगंज आणि गोशामहल यांच्या आसपास पसरलेली ही घाऊक पेठ दुसरा असफजाह निजाम अली खान याची पत्नी हुमदा बेगम हिने व्यापाऱ्यांना दिलेल्या जमिनीवर वसली, असे सांगितले जाते, आणि तिचे नावही त्यावरूनच पडले आहे. मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. शिवाय सुलतान बाजार, काचीगुडा, इसामिया बाजार या भागांतील मराठी वस्ती आणि १९०७ साली स्थापन झालेली जामबागेतील विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था या पेठेपासून फार दूर नाही, त्यामुळे मराठी गिऱ्हाईक येथे परके नाही. नांदेड किंवा लातूरकडून येणारा प्रवासी महात्मा गांधी बस स्थानकावर उतरला की बाजार जवळच लागतो. तांब्या-पितळेची भांडी, किराणा, सुका मेवा, जडीबुटी, पूजासाहित्य आणि झाडू-खराटे हे सारे येथे मिळते. आणि, हेही सांगितले पाहिजे, प्लास्टिकच्या बादल्या, डबे, पिशव्या यांचीही ही मोठी घाऊक पेठ आहे. बाजार कोणाची बाजू घेत नाही. निवड गिऱ्हाइकालाच करावी लागते.

खरेदीला निघण्यापूर्वी घरातील वस्तूंची यादी करावी आणि ती शरीराशी येणाऱ्या संबंधाच्या क्रमाने लावावी. जे पोटात जाते, जे गरम असताना अन्नाला लागते, जे त्वचेवर तासन्‌तास राहते आणि जे श्वासातून आत जाते, ते यादीत वर असावे. कोरडे धान्य भरलेला प्लास्टिकचा डबा किंवा कपडे वाळत घालण्याचे चिमटे तळाशी असावेत. बहुतेक कुटुंबे नेमके उलटे करतात: आधी सुंदर काचेच्या बरण्या आणतात, आणि खरवडलेल्या नॉनस्टिक तव्यावर धिरडी घालतच राहतात. नॉनस्टिकचा थर टेफ्लॉन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या द्रव्याचा असतो आणि तो सुमारे २६० अंश सेल्सियसच्या पुढे तापला की विघटित होऊन हानिकारक धूर सोडू लागतो. रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला, तर हे तापमान सहज गाठले जाते. जो डबा अजून धड आहे तो केवळ प्लास्टिकचा म्हणून फेकून देणे म्हणजे कचऱ्यात भर घालणेच होय, तेव्हा त्याचा कोरड्या वस्तूंसाठी उपयोग चालू ठेवावा आणि त्यात गरम, तेलकट किंवा आंबट पदार्थ भरू नयेत.

तव्याला पर्याय बिडाचा किंवा जाड लोखंडी पत्र्याचा. बीड म्हणजे ओतीव लोखंड. नवा तवा धुऊन, पूर्ण कोरडा करून, तेलाचा अगदी पातळ हात देऊन धूर येईपर्यंत तापवावा आणि ही कृती चार-पाच वेळा करावी, म्हणजे तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन कठीण काळा थर बसतो व पदार्थ चिकटत नाही. चिंच-टोमॅटोची आमटी मात्र त्यात करू नये, कारण आम्ल हा थर उतरवते.

भांड्यांच्या गल्लीत सर्वाधिक मोह तांब्या-पितळेचा पडतो, आणि सर्वाधिक सावधगिरीही तिथेच लागते. पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचा मिश्रधातू. कासे म्हणजे सुमारे ७८ भाग तांबे आणि २२ भाग कथील. तांब्याच्या भांड्यात साधे पाणी ठेवण्याला आधार आहे: २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या बंगळूरच्या संशोधकांच्या प्रयोगात तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यातील अतिसाराचे जिवाणू नष्ट झाले आणि पाण्यात उतरलेले तांबे जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रतिलिटर २ मिलिग्रॅम या मर्यादेहून पुष्कळच कमी भरले. परंतु हे साध्या पाण्याचे झाले. त्याच भांड्यात लिंबू पिळले, ताक ठेवले किंवा आमसुलाचे सार केले की आम्ल तांब्याला खाते आणि पदार्थ कळकतो. कळकणे हा शब्द आजच्या पिढीच्या बोलण्यातून जवळजवळ गेला आहे. मळमळ, उलटी आणि जिभेवर धातूची चव ही त्याची लक्षणे पूर्वी घरोघर ठाऊक होती, आणि त्यावरचा उपाय म्हणजे कल्हई.

कल्हई म्हणजे तांब्या-पितळेच्या भांड्याला आतून दिलेला कथिलाचा पातळ थर. भांडे भट्टीवर तापवून त्यात नवसागराची पूड टाकतात, तिच्यामुळे धातूवरचे ऑक्साइड निघून पृष्ठभाग स्वच्छ होतो, आणि मग कथिलाची कांडी फिरवून, वितळलेले कथील कापसाने सगळीकडे सारवतात. कथील २३२ अंशांनाच वितळते, म्हणून कल्हईचे भांडे रिकामे तापवू नये, त्यात कोरडे भाजणे करू नये आणि तारेच्या घासणीने ते घासू नये. रोजच्या वापरात हा थर काही महिन्यांत झिजतो. तळाशी तांबूस-पिवळे डाग दिसू लागले, म्हणजे शब्दशः पितळ उघडे पडले, की भांडे पुन्हा कल्हईला द्यावे. जे कुटुंब वेळोवेळी हे करणार नाही, त्याने स्वयंपाकासाठी पितळ घेऊच नये. ते घंगाळ, समई, कळशी यांपुरते ठेवावे.

याहून गंभीर प्रश्न शिशाचा आहे. शिसे कथिलापेक्षा स्वस्त असते आणि दोन्ही धातू एकमेकांत सहज मिसळतात, त्यामुळे डाग देण्याच्या कामासाठी मिळणारा शिसेमिश्रित धातू कल्हईत वापरला जाण्याची शक्यता असते. शुद्ध कथिलाची कांडी वाकवताना करकर असा बारीक आवाज येतो, आणि शिसे जास्त असलेला तुकडा कागदावर ओढला तर करडी रेघ उमटते. या जुन्या खुणा उपयोगी असल्या तरी त्यांनी खात्री होत नाही, म्हणून कल्हई समोर उभे राहून करून घ्यावी आणि कथील खाद्य-भांड्यांसाठीचे शुद्ध आहे असे पावतीवर लिहून मागावे. ओतीव पितळेतही ते कापायला सोपे जावे म्हणून थोडे शिसे घालण्याची पद्धत आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ साली आयात भांड्यांबाबत जे इशारे दिले, त्यांत ॲल्युमिनियम, पितळ आणि हिंडालियम या नावाने विकल्या जाणाऱ्या मिश्रधातूच्या काही भांड्यांतून शिसे अन्नात उतरू शकते, असे म्हटले आहे. हिंडालियमच्या कढया आपल्याकडे घरोघर आहेत. म्हणून आंबट आणि दीर्घकाळ शिजणाऱ्या पदार्थांसाठी साधे स्टेनलेस स्टील हीच सर्वांत निर्धोक निवड ठरते, मग ते कितीही नीरस वाटो. स्टील निवडताना ३०४ हा आकडा कोरलेला पाहावा. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. चुंबक लावून पाहण्याचा प्रघात फसवा आहे, कारण स्वस्त, मँगनीजयुक्त स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही.

धुणे-भांडी आणि लादी यांच्याकडे वळल्यावर किराणा आणि जडीबुटीची दुकाने कामाची. येथे दक्खिनी, मारवाडी, तेलुगू अशा सगळ्या भाषा चालतात, पण दोन-चार तेलुगू नावे ठाऊक असली की काम लवकर होते: रिठा म्हणजे कुंकुडुकाया, शिकेकाई म्हणजे शीकाया, तुरटी म्हणजे पटिका, हळद म्हणजे पसुपु. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन हे फेस आणणारे द्रव्य असते. साबण हा तेल आणि दाहक सोडा यांच्यापासून बनलेला क्षार असल्यामुळे जड पाण्यातील कॅल्शियमशी त्याची साय धरते आणि कपडे करडे पडतात. सॅपोनिनचे तसे होत नाही, आणि बोअरवेलच्या पाण्यावर चालणाऱ्या हैदराबादेतील अनेक इमारतींत हा फरक जाणवतो. बिया काढलेली ५० ग्रॅम साल एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, सकाळी पंधरा मिनिटे उकळून, कुस्करून गाळून घ्यावी. हे पाणी बाहेर दोन दिवस आणि फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते. पैठणी, हिमरू, पोचमपल्ली, लोकरी शाली आणि दागिने यांना ते मानवते. पांढऱ्या सुती कपड्यांवर पिवळसर छटा येऊ शकते, आणि तेलाने माखलेल्या कढईपुढे रिठा हात टेकतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. कढईसाठी गरम पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा आणि काथ्या पुरतो. हा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट; तो खाण्याच्या सोड्याहून बराच तीव्र असल्यामुळे हातमोजे घालावेत, आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना तो लावू नये, ती काळी पडतात.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून सर्व काही स्वच्छ करण्याची जी कृती सर्वत्र सांगितली जाते, तिच्यातील फसफस पाहायला छान असते. पण अल्क आणि आम्ल एकमेकांना निकामी करतात आणि हाती उरते ते बहुतांशी खारट पाणी. दोन्ही वेगवेगळी वापरावीत. नळावरचा आणि बादलीवरचा पांढरा क्षार घालवायला लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, पुरे होते. मात्र शहाबादी किंवा तांदूरच्या फरशीवर लिंबू, चिंच, व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व यांपैकी काहीही ओतू नये. या दोन्ही फरशा चुनखडीच्या दगडाच्या असतात आणि आम्लाने त्यांचे तेज कायमचे जाते. जुन्या हैदराबाद राज्याच्या मुलखातील घरांत ही चूक फार होते. त्यांना कोमट पाणी आणि थोडा साधा साबण पुरतो. शौचालयाचे ॲसिड घरात असेलच, तर ते ब्लीचिंग पावडरीजवळ ठेवू नये, कारण दोन्ही मिसळल्यास क्लोरीन हा विषारी वायू निघतो. राखेने भांडी घासायची असतील तर ती स्वच्छ लाकडाचीच असावी; दगडी कोळशाच्या राखेत जड धातू असतात.

शरीराला लावायच्या वस्तूंत ‘नैसर्गिक’ या शब्दाने सर्वाधिक फसगत होते. शिकेकाई, आवळकाठी, नागरमोथा, गवला कचरा, वाळा, संत्र्याची साल असे दिवाळीपूर्वी लागणारे उटणे-न्हाणाचे मराठी सामान येथे सुटे मिळते, आणि ते अख्खेच घेऊन घरी किंवा समोर दळून घ्यावे, कारण पुडीत आल्यावर काय मिसळले आहे ते कळत नाही. उटण्याच्या हळदीबाबतही हेच. निजामाबाद आणि सांगली या दोन मोठ्या हळद-पेठांतून येणारा माल चांगला असला, तरी हळद अधिक पिवळी दिसावी म्हणून लेड क्रोमेट हे शिशाचे रंगद्रव्य लावण्याचा गैरप्रकार दक्षिण आशियात उघडकीस आलेला आहे. चकाकणाऱ्या हळकुंडापेक्षा मळकट, अनपॉलिश हळकुंड घ्यावे आणि ते पाण्यात टाकून रंग सुटतो का ते पाहावे. मेंदीची पाने वाटून केलेली मेंदी निर्धोक असते, पण तासाभरात गडद रंग देणाऱ्या ‘काळ्या मेंदी’त पॅराफेनिलीनडायअमीन हे केसांच्या रंगातील द्रव्य असते व त्याने त्वचेवर फोड येऊन जन्मभराची ॲलर्जी जडू शकते. मेंदीचा स्वाभाविक रंग नारिंगी-तांबडा असतो, काळा नव्हे.

जुन्या शहराच्या आसपास अत्तराइतक्याच सहज मिळणारा सुरमा हे बहुधा शिशाचे सल्फाइड असते. तो मुलांच्या डोळ्यांत घालू नये, आणि देवाच्या मूर्तीला लावायचा शेंदूर भांगात भरू नये. हळदीवर चुन्याची किंवा इतर अल्काची क्रिया करून बनवलेले कुंकू निराळे. त्याची ओळख सोपी आहे: लिंबाचा थेंब टाकताच ते पिवळे होते. मशेरी तर प्लास्टिकमुक्तही आहे आणि घरगुतीही, पण ती भाजलेली तंबाखू आहे, तोंडाच्या कर्करोगाला आमंत्रण देते, आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यास भारतात १९९२ सालीच बंदी झाली. बांबूच्या दातघासणीचे केस बहुधा नायलॉनचेच असतात, तेव्हा तिच्यामुळे दांडी तेवढी बदलते. दात सांभाळायला फ्लोराइड उपयोगी आहे. नळगोंड्यासारख्या ज्या भागात भूजलातच ते जास्त असते, तिथे मात्र दंतवैद्याला विचारून ठरवावे. पाळीच्या काळातील पॅडमध्ये प्लास्टिकचा मोठा भाग असतो. सुती कापडाचे धुवायचे पॅड हा पर्याय आहे, पण ते लपवून सावलीत न वाळवता उन्हात वाळवता आले तरच.

कपाटात ठेवायच्या डांबरगोळ्या नॅफ्थलीनच्या असतात. जी६पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाला त्या गोळ्यांबरोबर ठेवलेले कपडे घातले तरी रक्तातील तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते, म्हणून तान्ह्या बाळाच्या कपड्यांत त्या कदापि ठेवू नयेत. कडक ऊन, कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि घट्ट झाकण यांनी काम भागते. कापूर वनस्पतिजन्य असला तरी मुलांनी गिळल्यास झटके येतात. तोही वरच्या फळीवर.

बांधणीबद्दल फार लिहावे असे नाही, कारण कायदा पुरेसा स्पष्ट आहे. १ जुलै २०२२ पासून थर्माकोल आणि प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, नळ्या, प्लास्टिकच्या दांडीच्या कानकाड्या यांच्यावर देशभर बंदी आहे, आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी चालत नाही. समारंभासाठी पळसाच्या पानांच्या पत्रावळी मागाव्यात. तेलंगणात पळसाला मोदुगु आणि पत्रावळीला विस्तराकु म्हणतात. पत्रावळ घेताना एक कोपरा फाडून पाहावा, कारण पानाखाली किंवा पुठ्ठ्यावर पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवलेला माल सर्रास विकला जातो. ‘कंपोस्टेबल’ छापलेली पिशवीही कुंडीतल्या मातीत बहुधा जिरत नाही. तिला औद्योगिक खतप्रकल्पातील उष्णता लागते.

सुटा माल घ्यायला स्वतःचे डबे आणि कापडी थैल्या न्याव्यात आणि दुकानदाराला आधी रिकाम्या डब्याचा धडा करायला सांगावे, म्हणजे डब्याचे वजन बाजूला ठेवून मालाचेच पैसे द्यावे लागतात. घाऊक दुकानदार पावशेर-अर्धा किलो देताना कुरकुरतो, आणि त्याचेही खरे आहे. म्हणून तीन-चार कुटुंबांनी मिळून पाच किलो रिठे, दोन किलो शिकेकाई, गोणीभर काथ्या घ्यावा व घरी वाटून घ्यावा. सकाळी दुकाने उघडताच जावे, कारण दुपारनंतर हातगाड्या आणि हमालांच्या गर्दीत या गल्ल्यांतून दोन मोठ्या थैल्या सांभाळत चालणे अवघड होते. पहिल्या खेपेला मात्र प्रत्येक वस्तू महिनाभर पुरेल एवढीच आणावी. रिठा एखाद्याच्या हाताला कोरडा वाटतो, शिकेकाईने एखाद्याचे डोके खाजते, आणि नैसर्गिक द्रव्यांचीही ॲलर्जी असू शकते. कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून एक दिवस वाट पाहिल्यावरच डोक्याला किंवा बाळाला लावावे.

घरात उरलेले ॲसिड, कीटकनाशके, डांबरगोळ्या, पारा असलेले तापमापक आणि जुने रंग मोरीत ओतून किंवा ओल्या कचऱ्यात टाकून देऊ नयेत. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी त्यांना ‘घरगुती घातक कचरा’ असे वेगळे नाव दिले. ते मूळ बाटलीतच, झाकण घट्ट लावून आणि वर नाव लिहून, कचरा नेणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हाती वेगळे द्यावेत. रिकाम्या झालेल्या ॲसिडच्या बाटलीत रिठ्याचे पाणी भरून ठेवू नये, कारण घरातले दुसरे कोणी जुन्या लेबलावर विश्वास ठेवते.